बाबांचे आखूड शब्द

आमचे बाबा कामावरून येताना खाऊ आणत नसत, शब्द आणत. इतरांचे वडील शेवेची पुडी आणायचे, आमचे हात हलवत यायचे, आणि चपला काढता काढता म्हणायचे, "आज एक फार छान शब्द मिळालाय." मी आणि ताई तेवढ्यावरसुद्धा धावत जायचो, आता याचं मला नवल वाटतं. बाबा ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. परगावी फोन करायचा तर आधी कॉल नोंदवायचा, मग तासन्‌तास वाट बघायची आणि लाइन मिळाली की तीन मिनिटांत सगळं आयुष्य उरकायचं, असा तो काळ. बाबांच्या पुढ्यातल्या बोर्डातून मद्रास, कलकत्ता, बडोदा, हुबळी सगळीकडे तारा जायच्या. लाइन जुळली की नाही हे कळण्यासाठी ऑपरेटरला पहिला शब्द ऐकावाच लागतो. तो ऐकायचा आणि कळ वर करून बाजूला व्हायचं. "पहिला शब्द माझा, पुढचे त्यांचे," असं बाबा म्हणत. ते त्यांनी नोकरी संपेपर्यंत पाळलं.

हा पहिला शब्द नेहमी आखूडच असायचा. कुणी 'मा?' म्हणायचं, कुणी नुसतंच 'हं'. बाबांचं म्हणणं असं, की पैसे मोजून बोलणारा माणूस लांब शब्द वापरत नाही, आणि जीव टांगणीला लागलेला माणूस तर नाहीच नाही. असे कानांवर पडलेले शब्द ते दुसऱ्या पाळीच्या मद्रासी नाहीतर कानडी ऑपरेटरला विचारून पक्के करत आणि रात्रीच्या जेवणात आमच्या ताटात वाढत. ताटात म्हणजे अक्षरशः ताटात. शब्द म्हणून दाखवल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, हा आमच्या घरचा रिवाज होता. भाकरी आणि सुकटीची चटणी पुढ्यात, तोंडाला पाणी सुटलेलं आणि आम्ही दोघी बहिणी 'पू, पू' करत बसलेल्या. तमिळमध्ये पू म्हणजे फूल. आईला हे चाळे पसंत नव्हते. ती चुलीपाशी बसून म्हणायची, "अन्न निवतंय तिकडं, आन ह्यांचं पूपू चाललंय."

आई वाघोलीची. आज वाघोलीत कॉलेजं आणि वीस-वीस मजली इमारती आहेत, पण आईचं वाघोली म्हणजे नगर रस्त्यालगतचं एक गाव, आणि त्या गावाच्याही कडेची आमची वस्ती. ती 'हाय' म्हणायची, 'पानी' म्हणायची. बाबा तिचं बोलणं कधी सुधारत नसत. आम्ही शाळेतून शिकून येऊन सुधारायला गेलो तर आमच्यावरच डाफरत. एकदा शाळेत बाईंनी सांगितलं, की हात हा शब्द हस्त या शब्दाचा अपभ्रंश आहे. अपभ्रंश म्हणजे बिघडलेला शब्द. मी घरी येऊन ते मोठ्या ऐटीत सांगितलं. बाबांनी माझं ऐकून घेतलं आणि मग विहारात शिकलेलं पालीचं ज्ञान बाहेर काढलं. हस्तचं हत्थ झालं, हत्थचं हात. अद्यचं अज्ज, अज्जचं आज. कर्मचं कम्म, कम्मचं काम. "तो शब्द बिघडला नाही, राबला," बाबा म्हणाले. "पोथीत बसून राहिलेले शब्द लांबच्या लांब राहतात. माणसांच्या तोंडात राबतात ते झिजून आखूड होतात." पुढे मी आयुष्यभर शाळेत मराठीच शिकवलं, पण इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

आम्ही तेव्हा पर्वती पायथ्याला दोन खोल्यांत राहायचो. बाबांच्या आईवडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाबा शाळकरी होते. आमच्या भावकीत सरकारी खात्यात खुर्चीवर बसलेले ते पहिलेच. त्या खुर्चीची त्यांना केवढी धास्ती होती हे मला फार उशिरा कळलं. शर्टाची कॉलर फाटली तर उलटवून शिवायची, पण इस्त्री चुकवायची नाही. पाळीला अर्धा तास आधी जायचं. एक्स्चेंजमधल्या कुणी आपल्या मेव्हण्याला चार मिनिटं जास्त दिली तर लोक हसून सोडून देत, बाबा म्हणायचे, "मी दिली तर हसणार नाहीत." 

सेल्वम आमच्याकडे आला तो बाबांच्या शब्दांपायीच. तो कोइमतूरकडचा, पिंपरीच्या एका कारखान्यात नकाशे काढायचा. घरी फोन लावण्यासाठी एक्स्चेंजच्या काउंटरवर यायचा. बाबांनी त्याला एक-दोन शब्दांचे अर्थ विचारले आणि मग रविवारी जेवायलाच बोलावलं. जेवणाच्या बदल्यात त्याने एक शब्द द्यायचा, असा सौदा ठरला. काळासावळा, लाजरा मुलगा. आईच्या झुणक्याने नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी ताट लख्ख करायचा. त्याचे शब्द असे: 'ती' म्हणजे आग, 'नी' म्हणजे तू, 'कै' म्हणजे हात. एका रविवारी बाबांनी त्याला विचारलं, 'ये'ला काय म्हणता. तो म्हणाला, "वा." मग बाबांना राहवेना. कानडीत बा, तेलुगूत रा, कोकणीत यो, हिंदीत आ. पाटावर मांडी ठोकून ते म्हणाले, "बघा, जगात कुठेही जा, माणसाला बोलवायला कुणी लांब शब्द केलेला नाही. तोंड उघडलं की झालं." मग आम्ही रोज म्हणतो त्या वंदनेतला एहिपस्सिको त्यांना आठवला, ये आणि पाहा. "आपला धम्मसुद्धा 'ये'पासूनच सुरू होतो," ते म्हणाले. त्या दिवशी ताई भाकरी वाढत होती. तिने हळूच "वा" असं म्हणून पाहिलं, आणि सेल्वमने मान खाली घातली. ते फक्त मी पाहिलं. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही.

पुढच्या वर्षी ताईने सेल्वमशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि ती त्याच्याबरोबर कोइमतूरला निघून गेली. घरी कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर बाबा बहुधा हो म्हणाले असते, हेच तर सगळ्यांत वाईट. आईच्या मनाला लागलं ते एवढंच, की मुलगी न सांगता गेली. बाबा बरेच दिवस खाली मान घालून जेवले. एकदा आईची समजूत काढायला म्हणून सांगू लागले, की जुन्या तमिळमध्येही आईला आय म्हणतात, म्हणजे आपला शब्द त्यांच्याकडेही आहे. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "असंल की. आपली पोरगी बी त्यांच्याकडंच हाय."

ताईही आईचीच लेक. कारखान्यातला सेल्वमचा एक मित्र निरोप घेऊन आला: आईने 'ये' म्हटलं की मी येईन, त्याआधी नाही. यात हट्ट होता, पण रीतही होती. आमच्यात सासरी गेलेली लेक आपणहून माहेरी येत नाही, माहेरचं बोलावणं यावं लागतं. सांगून-सवरून दिलेल्या लेकीला बोलावतात, मग आपल्याला तर बोलावलंच पाहिजे, त्याशिवाय घराने पदरात घेतलं असं कसं धरायचं, हा तिचा हिशेब. आईने निरोप ऐकला.  तिसऱ्या दिवशी बाबांना म्हणाली, "बोलावते मी तिला." बाबांना इतका आनंद झाला की ते लगेच कार्ड लिहायला बसले. आईने हातातलं कार्ड काढून घेतलं. "मला लिवता येत न्हाई. तुमच्या अक्षरात माझं बोलावनं कसं जाईल? माझ्या तोंडानं म्हनते. फोन लावा."

फोन गल्लीच्या तोंडाशी औषधांच्या दुकानात होता. दुकानाचे मालक पेठेतले, अस्सल. आई म्हणाली, दुपारी दुकान रिकामं असेल तेव्हा येऊ का? ते म्हणाले, "एक ते चार दुकान बंद असतं. ट्रंक कॉल सोडा, यमदूत आला तरी त्याला चारनंतर यावं लागेल." मग सकाळची वेळ ठरली. लाइन लवकर आणि स्वच्छ मिळावी म्हणून बाबांनी तो कॉल आपल्या पाळीत, आपल्याच बोर्डावर घेतला. पलीकडे ताई सेल्वमच्या तिथल्या नव्या ऑफिसात येऊन बसणार होती. आईने निळं पातळ नेसलं, अंबाडा घातला, जणू फोनमधून दिसणार होतं. वाटेने मला म्हणाली, "मंगल, आधी ख्यालीखुशाली इचारते. मंग म्हनते." मी म्हटलं, "आई, तीनच मिनिटं आहेत, आधी म्हण." ती चिडली. "असं एकदम कसं म्हनायचं? लेक हाय का कुत्रं, यू यू करायला?"

दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती. घंटा वाजली. मालकांनी रिसीव्हर आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "बोला, बोला. आम्ही काही ऐकत नाही. ऐकू येतं, एवढंच." मी आईच्या कानाला कान लावून उभी होते. आधी बाबांचा आवाज आला, पण घरातला नव्हे; कडक, परका, ड्यूटीवरचा. "कोइमतूर लाइनवर आहे, बोला." मग ताईचा "आई?" आणि खट्. बाबा बाजूला झाले. पहिला शब्द त्यांचा, पुढचे आमचे.

आणि आमची आई, जिने आयुष्यात कुणाची भीड धरली नाही, ती त्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर बिचकली. तिला वाटलं, फोनवर शुद्ध बोलायचं असतं. "कशी आहेस?" ती म्हणाली. 'आहेस' असं तिने त्याआधी कधी म्हटलेलं मला आठवत नाही. एकेक शब्द ती दगडावर पाय ठेवून ओढा ओलांडल्यासारखा जपून टाकत होती. "तिकडे पाणी येतं का?" पाणीमधला ण नीट यावा म्हणून ती क्षणभर थांबली. ताई म्हणाली, येतं, विहिरीचं आहे. "भात खाऊन पोट भरतं का?" भरतं. "तिकडे ज्वारी मिळते का?" मिळते, पण बारीक असते. "सासूबाई बऱ्या आहेत का?" बऱ्या आहेत. मी आईचा दंड चिमटत होते. मागे कुणीतरी खोकल्याचं औषध मागितलं, मालकांनी त्याला बोटाने थांबवलं. हे सगळं दुकान श्वास रोखून आमच्या ज्वारीची चौकशी करत होतं. मग आई गप्प झाली. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते, डोळे भरले होते. आता ती म्हणणार हे मला दिसत होतं. पलीकडे ताईही गप्प होती.

नेमका त्याच वेळी बाबांचा आवाज आला, "थ्री मिनिट्स." एवढंच. आई शुद्धबिद्ध सगळं विसरून ओरडली, "अवो, थांबा की!" आणि खट्. लाइन गेली.

ऑपरेटरला 'अवो' म्हणणारी बाई त्या दुकानाने कधी पाहिली नव्हती. एकजण फिदीफिदी हसला. मालकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो औषध न घेताच गेला, आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, परत लावायचा असला तर चारच्या आतसुद्धा या." हा त्यांच्या तोंडून निघालेला पहिला आणि शेवटचा गोड शब्द असावा. पण आई पदर डोक्यावरून घेऊन बाहेर पडली होती.

बाबा घरी आले. त्या संध्याकाळी त्यांनी शब्द आणला नव्हता. आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "माझ्या व्हटावर आला हुता."

"तीन मिनिटं झाली होती," बाबा म्हणाले. "मी लाइनवर आलो तर दोघी गप्प. मला वाटलं, झालं बोलून."

"येवढ्या मोठ्या शब्दाला दम घ्यावा लागतो," आई म्हणाली. जगातला सगळ्यांत आखूड म्हणून ज्याच्यावर बाबांनी मांडी ठोकली होती, त्याला आई मोठा शब्द म्हणत होती. बाबांचा घास हातातच राहिला. मग आईने हळू आवाजात विचारलं, "तुमी समद्या गिऱ्हाइकांना इचारता ना, आनखी हवं का म्हनून? तुमीच सांगायचा तसं. पैशे भरले की देता. मंग आमाला का न्हाई इचारलं?"

खरं होतं ते. तीन मिनिटं झाली की प्रत्येकाला 'आणखी हवं?' विचारायचं, हा नियमच होता. बाबांनी आयुष्यात हजारोंना विचारलं असेल. फक्त आम्हाला विचारलं नाही. ते म्हणाले, "सुपरवायझर मागे उभा होता. त्याला माहीत होतं लाइनवर कोण आहे. मी हिशेबाने दिलं असतं तरी उद्या सगळीकडे झालं असतं, की यांनी घरच्यांना वाढवून दिलं. माझ्यामागून आपल्या भावकीतली दोन मुलं नोकरीला लागायची आहेत तिथे." मग थोड्या वेळाने: "उद्या परत लावतो." आई म्हणाली, "नगं. तिनं बी 'येऊ का' म्हटलं न्हाई. तुमचं तीन मिन्टं तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."

मला बाबांचा राग येतो का? येतो. माझं आता त्यांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त वय झालंय, तरी येतो. ज्या माणसाला सात भाषांत 'ये' म्हणता यायचं, तो लेकीच्या लाइनवर होता, त्याच्या तोंडाशी माइक होता, आणि त्याने तिला वेळ सांगितली. पण त्या खुर्चीवर बसून त्यांच्या पाठीला काय जाणवत होतं, ते माझ्या पाठीला कधी जाणवलेलं नाही, हेही खरं आहे. त्यांनी ती खुर्ची सांभाळली म्हणूनच मला शिकता आलं. हे दोन्ही मला एकदम मान्य आहे, आणि त्यातलं एकही गिळवत नाही.

त्यानंतर ताटावरचे शब्द बंद झाले ते कायमचे. आम्ही बसायचो, आणि नुसतं जेवायचो. आईला वाटायचं, आता लेकीने विचारावं. ताई तिकडून दिवाळीला खुशालीचं कार्ड पाठवायची, त्यात मुलांची नावं असायची, येण्याबद्दल अक्षर नसायचं. वर्षं अशी गेली. आई छातीच्या दुखण्याने गेली तेव्हा ताई आली. मरणाच्या घरी यायला बोलावणं लागत नाही. दारात तिला बघून बाबा म्हणाले, "आलीस?" ती म्हणाली, "हो." एवढ्यात त्यांचं सगळं बोलून झालं. पुढे बाबा थकले, एक्स्चेंजमधले ते बोर्डही निघाले. एकदा बिबवेवाडीच्या माझ्या गॅलरीत बसले असताना, मी काहीही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "तिला काय कळलं असणार, मी आहे म्हणून? ऑपरेटर काय, कुणीही असतो." या एका गोष्टीवर त्यांनी उरलेले दिवस काढले. आई मात्र शेवटपर्यंत स्वतःलाच दोष देत होती. शेवटच्या आजारातही म्हणायची, "ज्वारीचं इचारत बसले मी येडी."

आता माझा नातू जपानी कार्टून बघतो. परवा मी त्याला हाक मारली तर म्हणाला, "हाय!" मी म्हटलं, आजीला हाय-बाय करतोस? तर म्हणे, जपानीत हाय म्हणजे हो. माझ्या आईचं 'हाय' म्हणजे आहे, याचं 'हाय' म्हणजे हो. बाबा असते तर मांडी ठोकून अख्खं जेवण निववलं असतं. मला हसू आलं आणि लगोलग रडू आलं, म्हणून मी ताईला फोन लावला. ती आता पासष्टीला टेकलीय, मराठी बोलते पण चाल तमिळ झालीय. हल्ली फोनवर चेहरासुद्धा दिसतो. बोलता बोलता मी विचारलं. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. "ताई, त्या दिवशी आई 'ये' म्हणाली असती तर आली असतीस का गं?"

ती हसली. "म्हणाली की ती. पाणी येतं का, ज्वारी मिळते का, हे काय होतं मग? आईला मी ओळखत नव्हते? ती शुद्ध बोलत होती माझ्यासाठी, तेव्हाच मला कळलं. मी मनातल्या मनात पिशवी भरत होते."

"मग?"

"मग बाबांचा आवाज आला."

मी म्हटलं, "तुला कळलं होतं ते बाबा आहेत म्हणून?"

"पहिल्या शब्दालाच, लाइन जुळली तेव्हाच. मंगे, बाप आहे तो. मी गप्प राहिले ते त्यांच्यासाठी. म्हटलं, आई झाली बोलून, आता बाबा म्हणतील. त्यांनी वेळ झाल्याचं सांगितलं. मला वाटलं, बाबांना मी नको आहे."

 आई जे म्हणायचं राहिलं म्हणून झुरून गेली, ते पोचलं होतं. बाबांना वाटायचं की निदान आपला आवाज तरी तिला पोचला नाही, आणि तो तर सगळ्यांत आधी पोचला होता. "अगं, मग तू कधी सांगितलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कुणी विचारलंच नाही," ताई म्हणाली. "आणखी हवं का, असं."

पडद्यावर तिचा चेहरा होता, कोपऱ्यात कॉलची मिनिटं पुढे सरकत होती. मध्ये येऊन वेळ सांगणारं आता कुणी नव्हतं.